‘हलकाच घे,’ तो म्हणाला

कोणता लॅपटॉप घ्यावा हे विचारायला ओळखीतले लोक अजूनही माझ्याकडे येतात. कुणाची मुलगी कॉलेजात जाणार असते, कुणाचा नवरा निवृत्त होऊन लिखाण करणार असतो. मी सांगते, हलका घ्या, खांदे वाचतील. एवढं सांगून मी गप्प बसते. पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि विचारायला आलेला माणूस चहा अर्धा टाकून उठतो. इथे तसं कुणी उठून जाणार नाही, म्हणून सगळं सांगते.

मी संकलक आहे. म्हणजे चित्रित करून आणलेलं ढीगभर फुटेज बघायचं, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि त्याची फिल्म करायची. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि माझं ऑफिस नोएडात. रोज मेट्रोनं जायचं, मयूर विहारला गाडी बदलायची. स्टेशनात शिरताना बॅग तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवावी लागते. माझा जुना लॅपटॉप म्हणजे वरवंटा होता. चार्जर वेगळा, तो एकटाच विटेएवढा. ती बॅग पट्ट्यावर उचलून ठेवताना आणि पलीकडून उचलून घेताना उजवा खांदा कळवळायचा. एकदा बाजारातून कपड्यांच्या पिशव्या घेऊन निघालेल्या एका बाईनं माझी बॅग चुकून उचलली आणि तशीच खाली ठेवून म्हणाली, “हाय राम, दीदी, इसमें चक्की है क्या?”

चक्कीच होती. पण त्या चक्कीवर माझा जीव होता. तिचं पोट उघडून आत मेमरी वाढवता यायची. तिला सगळ्या बाजूंनी भोकं होती; कॅमेऱ्याचं कार्ड, हार्ड डिस्क, मोठा पडदा, जे लावाल ते घ्यायची. काम जड झालं की तिचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, इतका की आतल्या खोलीतून नवरा ओरडायचा, “चटणी वाटून झाली की सांग.” पण एकदाही तिनं काम अर्धं टाकलं नाही. दिसायला बेढब आणि वागायला सरळ. अशी माणसं मला पहिल्यापासून आवडतात, आणि तरी मी त्या वर्षी दुसऱ्याच प्रकारच्या माणसाचं ऐकलं.

आधी माझ्या फिल्मबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. आमचं ऑफिस कंपन्यांसाठी आणि सरकारी खात्यांसाठी माहितीपट करतं. दुसऱ्यांनी चित्रित केलेलं मी वर्षानुवर्षं कापत होते. स्वतःची एक फिल्म करावी हे मनात होतं, आणि विषय सापडला तो रिक्षात. उत्तर दिल्लीत रिज म्हणून झाडीनं भरलेली लांबट टेकडी आहे, तिच्यावरच्या एका भागाला हिंदूराव म्हणतात. रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ म्हटलं की तो आवाज खाली आणून विचारतो, “मरीज़ कौन है?” कारण तिथे मोठं हॉस्पिटल आहे आणि दिल्लीला तेवढंच माहीत आहे. हिंदूराव हा ग्वाल्हेरहून आलेला मराठा सरदार होता, एकोणिसाव्या शतकात इथे राहत होता, हे रिक्षावाल्याला सांगितलं तर तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग मलाच वाटलं, नोकरीसाठी, लग्नासाठी, कशाकशासाठी दिल्लीत येऊन राहिलेली आपली माणसं, आणि नाव टेकडीला देऊन स्वतः विसरला गेलेला हा जुना माणूस, यांची फिल्म करावी. आमच्या मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, म्हणाल्या, “बनाके दिखाइए. अच्छी बनी तो ऑफिस की तरफ़ से भेजेंगे, आपके नाम से.”

आपके नाम से. मी हवेतच होते.

सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मी एकटीच जायचे. टेकडीच्या पायथ्याशी ग्वाल्हेरहून लग्न होऊन आलेल्या एक वृद्ध बाई सापडल्या. त्यांच्यासारखं मराठी मी पुण्यातही ऐकलं नव्हतं. वळचण, परस, अबोला, असे शब्द त्या सुपारी कातरल्यासारखे सहज टाकायच्या. मी कॅमेरा स्टँडवर लावून शेजारी खुर्ची घ्यायचे आणि विचारायचे. त्या कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्याशी बोलायच्या. हातावर काही खायला ठेवल्याशिवाय त्यांनी कधी बोलायला सुरुवात केली नाही. फिल्म त्यांच्याभोवतीच उभी राहणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आता तो. आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. तोही संकलक, माझ्याच वयाचा, पण जन्म आणि वाढ दिल्लीतली. वडील सरकारी नोकर, सगळं बालपण क्वार्टरमध्ये. त्याच्या मराठीत दर वाक्याला ‘यार’ आणि ‘बिल्कुल’ यायचं. माझ्या डब्यातले पोहे तो हक्कानं खायचा, आणि गणपतीत त्याची आई माझ्यासाठी उकडीचे मोदक पाठवायची. हिंदी बोलणाऱ्या त्या सगळ्या हॉलमध्ये मराठी ही आमच्या दोघांची खोली होती. मॅडमच्या चपलांपासून अकाउंट्सवाल्याच्या घोरण्यापर्यंत कशावरही आम्ही त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचो आणि गंभीर चेहरे ठेवायचो. परगावी राहिलेल्या मराठी माणसाला ही सवय लागतेच. आपली भाषा म्हणजे बंद दार असं त्याला वाटतं, आणि दाराच्या आत जो आहे तो आपला. मी त्याला काय काय सांगितलं असेल! आईच्या आजारपणात एकदा वैतागून म्हणालेसुद्धा होते, “वाटतं, सगळं सोडावं आणि पुण्याला निघून जावं.” असं आपण बोलतो आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला येतो.

त्या उन्हाळ्यात ऑफिसनं सगळ्यांचे जुने लॅपटॉप परत घेऊन नवे द्यायचं ठरवलं. दोन प्रकार होते. संकलन करणाऱ्यांसाठी जाडजूड, ताकदवान; आणि लिहिणाऱ्या, मीटिंगा करणाऱ्या, फिरणाऱ्या लोकांसाठी अगदी सडपातळ, हातात घेतला तर वहीएवढाही न वाटणारा. मला अर्थातच जाड मिळणार होता.

“अगं, हलकाच घे यार,” तो म्हणाला. “तो धोंडा किती दिवस उचलणार? खांद्याची वाट लागलीये तुझ्या.”

“आणि फिल्म कशावर कापू? तुझ्या डोक्यावर?”

“माझ्या मशीनवर. मी तर इथेच नोएडात राहतो, गाडीत टाकतो आणि येतो. लिखाण, मीटिंग तुझ्यावर, हेवी काम माझ्यावर. तू बाजूला बस आणि सांगत जा. आपलंच आहे की.”

आपलंच आहे की. हेच कुणी हिंदीत म्हणालं असतं, तर मी दहा प्रश्न विचारले असते. मराठीत ऐकलं आणि विरघळले. शिवाय खांदा खरंच दुखत होता. मी हलका मागितला. मशिनं वाटणारा माणूस म्हणाला, “मॅम, आप तो एडिट में हैं ना? पक्का?” मी हसून पक्का म्हटलं.

आता त्या लॅपटॉपवर अन्याय करायचा नाही. तो उत्तम होता. एका बोटानं झाकण उघडायचं. बॅगेत डब्याशेजारी कुठे गेला कळायचं नाही, आणि पट्ट्यावर बॅग ठेवताना मी पहिल्या दिवशी सवयीनं इतका जोर लावला की ती जवळजवळ पलीकडच्या शिपायाच्या अंगावर गेली. चार्जर घरी विसरला तरी दिवस निघायचा. पंखाच नव्हता, त्यामुळे आवाज नाही, नवरा म्हणाला, “हे चालू आहे की तू नुसती बोटं नाचवतेयस?” मेट्रोत मांडीवर ठेवून मी फिल्मचं निवेदन लिहिलं, आणि इतकं सलग मी कधीच लिहिलं नव्हतं. खांदा पंधरवड्यात गप्प झाला. वजन नसलेल्या वस्तूचं एक सुख असतं, ते मी पुरेपूर भोगलं.

उण्या बाजू हळूहळू दिसल्या. भोकं दोनच, आणि तीही इतकी बारीक की काहीही जोडायचं तर मध्ये एक डबी लागायची. ती डबी घरी राहिली की दिवस वाया. आतली मेमरी जन्मजात, चिकटवलेली. वाढवायची सोय नाही, बिघडली तर सगळंच बदला. जूनमध्ये वीज गेली आणि एसी बंद पडला की त्याची पाठ तव्यासारखी तापायची, आणि तापला की तो स्वतःला जपायला काम हळू करायचा. माझं फुटेज उघडलं की तो अंगच टाकायचा. ग्वाल्हेरच्या बाईंचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. मला राग येत नव्हता. तो हे करू शकणार नाही, हे घेतानाच सांगितलेलं होतं. यंत्रानं फसवलं असं मला म्हणता येणार नाही.

ठरल्याप्रमाणे मी फुटेजची हार्ड डिस्क त्याच्या हवाली केली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. सुरुवातीचे दिवस छान गेले. मी सांगायचे, तो कापायचा, वाद घालायचा, पोहे संपवायचा. मग म्हणू लागला, “आज नको यार, क्लायंटचं आहे.” मग म्हणाला, “तू ये नाहीतर नको येऊ, मी थोडं रफ लावून ठेवतो.” एकदा मी मागून जाऊन बघितलं तर त्यानं सुरुवातच बदललेली होती. मी म्हटलं, हे असं नाही. तो म्हणाला, “बघ ना आधी, चांगलं वाटतंय की नाही?” चांगलं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसले.

पावसाळ्याच्या शेवटी मॅडमनी बोलावलं. तो आधीच आत बसलेला होता. मॅडमनी फिल्मचा कच्चा भाग बघितला होता आणि त्या खूश होत्या. म्हणाल्या, “बहुत सुंदर बन रही है. मैंने तय किया है कि इसे ये पूरा करेंगे. डायरेक्शन में इनका नाम जाएगा, रिसर्च में आपका.”

मला वाटलं, चुकून उलटं बोलल्या. मी तसं म्हटलंसुद्धा.

“देखिए,” मॅडम अगदी मायेनं म्हणाल्या, “आपने ख़ुद हल्की मशीन ली. एडिट का आदमी वो मशीन नहीं लेता. मैं समझ गई कि आप इस काम से निकलना चाहती हैं. और वैसे भी, आप तो पुणे शिफ़्ट हो रही हैं ना?”

पुणे. मी त्याच्याकडे बघितलं. तो मॅडमच्या टेबलावरच्या पेल्याकडे बघत होता. ते वाक्य मी एकाच माणसाशी बोलले होते, आणि एकाच भाषेत बोलले होते. ते दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या तोंडून, पक्कं ठरल्यासारखं माझ्यासमोर आलं होतं. मी जात नाहीये म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आता वेळापत्रक ठरलंय, पुढच्या वेळी बघू. जाड मशीन मागितलं, तर ती सगळी वाटून झाली होती.

खाली रस्त्यावरच्या चहाच्या ठेल्याशी मी त्याला गाठलं.

“अगं, तू गलत समजतेयस,” तो म्हणाला. “मॅडमनी विचारलं, ही का स्लो झालीये, तर मी सहज म्हटलं की तुझं मन लागत नाहीये इथे. तुझ्या भल्यासाठीच ना यार. तुझा खांदा…”

“खांद्याचं नाव घेऊ नकोस,” मी ओरडले. “माझ्या खांद्यावर चढूनच आत गेलास तू.”

चहावाला वळून बघायला लागला. तसा हा म्हणाला, हळू बोल. म्हटलं, का? इथे कुणाला मराठी कळतंय? आणि लगेच त्या वाक्यानं मला स्वतःचीच लाज वाटली. केसानं गळा कापणं आजवर मी नुसतं म्हणत आले होते. कापताना दुखत नाही, नंतर हात लावला की कळतं, हे तेव्हा समजलं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरकारी माणसाला शोभेल असा एकच प्रश्न विचारला, “लेखी काही होतं का?” मी म्हटलं, विश्वास होता. तो म्हणाला, “विश्वास पानिपतात गेला, आणि पानिपत इथून फार लांब नाही.” मला हसू आलं आणि मग रडू. तो बिचारा घाबरून कणीक मळायला गेला. त्याला धड मळता येत नाही, पण त्या दिवशीच्या जाड पोळ्या मी मुकाट्यानं खाल्ल्या.

लोक सांगायला लागले, नोकरी सोड, भांड, सगळ्यांना सांग. काय सांगणार? ऑफिसच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं. मशीन मी मागितलं, डिस्क मी दिली, पुण्याचं वाक्य मी बोलले. प्रत्येक गोष्ट माझ्याच हातून करून घेतलेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बीळ रिकामं होण्याची वाट तरी बघतो. यानं उंदराला, बाहेर हवा छान आहे, असं सांगून काढलं. मी रोज जात राहिले, मीटिंगांची टिपणं काढत राहिले. हलक्या लॅपटॉपवर हलकं काम. पोहे मात्र बंद केले.

आणि मग एका दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. जसं काही घडलंच नव्हतं.

“अगं, एक छोटंसं काम होतं. आजींचं मराठी मला पूर्ण कळत नाहीये. वळचण म्हणजे काय? परस? आणि ते अबोला? इंग्लिश सबटायटल तू करशील? फाइल हलकी करून देतो, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल.”

‘तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल.’ हे तो खरोखर चांगुलपणानं म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्यावर थोडी तरी शरम शोधली, सापडली नाही.

“रख दो,” मी म्हटलं. “देख लूँगी.”

तो हसला. “हिंदी काय बोलतेयस?”

“ऑफ़िस में हिंदी ही ठीक है.”

त्याचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. जाता जाता त्यानं पुन्हा विचारलं, “पण अबोला म्हणजे?”

“समझ जाओगे,” मी म्हटलं.

काम घ्यायला नको होतं, असं नवरा म्हणतो. पण वळचणीचं यानं ‘रूफ’ केलं असतं आणि परसाचं ‘गार्डन’. त्या बाईंनी माझ्या हातावर लाडू ठेवून दिलेले शब्द होते ते, त्यांची अशी विटंबना मला बघवली नसती. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावले आणि फाइल उघडली. लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. ओठ आणि शब्द बरोबर चालत होते.

फिल्म चांगली कापली होती. याचंच मला सगळ्यात जास्त लागलं. माझे प्रश्न त्यानं सगळे काढले होते. त्यात गैर काही नाही, विचारणाऱ्याचा आवाज मुलाखतीतून काढतातच, मीही काढला असता. आता बाई एकट्याच बोलत होत्या, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघत, आणि तिथे कोण बसलंय हे बघणाऱ्याला कधीच कळणार नव्हतं. शेवटाकडे एक जागा होती. बाई बोलता बोलता थांबतात, पदर सारखा करतात आणि हसून विचारतात, “तुझं माहेर कुठलं गं?” त्यांचं ते हसू फार गोड आहे, म्हणून त्यानं ते ठेवलं. माझं उत्तर कापलं. उत्तर ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “मग लांब आलीस गं पोरी,” तेही कापलं. प्रश्न विचारून त्या बघत राहतात आणि चित्र टेकडीवरच्या झाडांवर जातं.

माहेरला इंग्रजीत शब्द नाही. मी एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. मागे जाऊन पुन्हा बघितलं. पुन्हा त्यांनी विचारलं, पुन्हा उत्तराच्या आधी झाडं आली. तिसऱ्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावरच चित्र थांबवलं.

“पुण्याचं,” मी म्हटलं.

कानात हेडफोन असल्यानं आवाज मोठाच झाला असणार. हॉलमधल्या माना वळल्या. पलीकडच्या टेबलावरून तो उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि पडद्यावर बाई अजून वाट बघत होत्या.